थॉमसनचा नकाशा आणि आमचा डोंगर

सिंगापूरला येऊन मला चौदा वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा वर्षं आम्ही अप्पर थॉमसन रोडजवळ राहतो. पत्त्यात थॉमसन, बसथांब्यावर थॉमसन आणि आता मेट्रोच्या चॉकलेटी मार्गाच्या नावातही थॉमसन. रोज इतक्या वेळा हे नाव डोळ्यांखालून जातं, पण हा माणूस कोण, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला गावाकडून आलेल्या एका कागदामुळे.

आमचं गाव सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याला. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर माझं आणि धाकट्या भावाचं नाव लागलं. भातशेतीच्या वाटण्या कधीच झाल्यात, पण मागचा अकरा एकरांचा डोंगर अजून सामाईक आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, व्हॉट्सअ‍ॅपवर संमतीपत्राचा मसुदा पाठवला. बाहेरून आलेला एक बागायतदार अख्खा डोंगर भाडेपट्ट्याने मागत होता. आधी अननस लावणार, मग रबर. पैसे बरे मिळणार होते. दादाची मुलगी नर्सिंगला गेली होती, फी तोंडावर आली होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, माझीच राहिली होती.

मी फोनवर उपग्रहाचं चित्र उघडून आमचा डोंगर शोधला. हिरवागार दिसला. शेजारच्या डोंगरावर काही वर्षांपूर्वी रबर लागलंय, तोही हिरवाच दिसला, उलट जरा जास्तच तुकतुकीत. नवरा म्हणाला की आधीही हिरवं आणि नंतरही हिरवं, मग अडतंय कुठे? मलाही उत्तर देता येईना.

त्याच आठवड्यात मुलीला शाळेत प्रकल्प मिळाला होता, आपण राहतो त्या रस्त्याच्या नावाची गोष्ट शोधायचा. शनिवारी आम्ही दोघी राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसलो. तिचं काम दोन तासांत आटोपलं, माझं मात्र पुढे कितीतरी शनिवार चाललं. कारण त्या रस्त्याच्या नावामागचा माणूस जमीन मोजणारा निघाला.

जॉन टर्नबुल थॉमसनचा जन्म १० ऑगस्ट १८२१ चा, इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थंबरलंडमध्ये ग्लोरोरम नावाच्या गावी. नऊ वर्षांचा असताना वडील शिकारीतल्या अपघातात गेले. आई मुलांना घेऊन सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये राहायला गेली. शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झालं. आधी गावची शाळा, मग काही काळ अ‍ॅबर्डीनचं कॉलेज, शेवटी न्यूकॅसलला पीटर निकोल्सन यांच्याकडे अभियांत्रिकीचे धडे. तेवढ्या शिदोरीवर १८३८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, हा मुलगा जहाजात बसून मलायाकडे निघाला. आपल्याकडची मुलं या वयात बारावीचा निकाल बघत असतात.

पहिली नोकरी पिनांगला मिळाली. तिथल्या मोठ्या मळेवाल्यांच्या जमिनी मोजायच्या, हद्दी ठरवायच्या. काम रानातलं आणि सोबतीला हाताखालचे मजूर. या मुलाने एक शहाणपण केलं. मजुरांची आणि गावकऱ्यांची भाषा शिकायला घेतली. मलय त्याला पुढे इतकी उत्तम येऊ लागली की मुन्शी अब्दुल्ला या मोठ्या मलय लेखकाच्या आत्मचरित्रातल्या निवडक भागांचा त्याने म्हातारपणाकडे झुकताना इंग्रजी अनुवाद छापला. पण ते नंतरचं. तेव्हा भाषा शिकण्याचं कारण साधं होतं. हद्द कुठून कुठे जाते, हे ज्याला ठाऊक असतं त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. आपल्याकडेही मोजणीला आलेला माणूस बांधावरच्या म्हाताऱ्याशी नीट बोलला नाही तर मोजणी बिघडते.

१८४१ मध्ये थॉमसन सिंगापूरचा सरकारी मोजणीदार झाला. वय वीसच्या आसपास. सिंगापूर तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होतं आणि कारभार कलकत्त्याच्या हुकमाने चालायचा. म्हणजे साताऱ्याची गादी आणि सिंगापूरची गोदी यांचे निर्णय एकाच दरबारात होत होते. थॉमसनच्या आधी जॉर्ज कोलमन या आयरिश वास्तुविशारदाने शहराची मोजणी केली होती, पण शहराबाहेरचं बेट म्हणजे जवळजवळ सगळं रान होतं. रानात वाघ होते. रोज एक माणूस वाघाच्या तोंडी जातो, असं तेव्हा गावात बोललं जायचं.

अशा रानात थॉमसन साखळी आणि थिओडोलाइट घेऊन फिरू लागला. इंग्रज मोजणीदारांची साखळी ६६ फुटांची. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, त्या साखळीच्या बरोबर निम्म्या लांबीचा चौकोन. असे चाळीस गुंठे झाले की एकर. हे वाचल्यावर मला हा माणूस एकदम ओळखीचा वाटायला लागला. आमच्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र आता हेक्टर-आरमध्ये लिहितात खरं, पण घरात हिशेब अजून गुंठ्यातच चालतो.

१८४४ पासून रस्ते आणि सार्वजनिक बांधकामंही त्याच्याकडे आली. त्याने रस्ते आखले, पूल बांधले. तान तोक सेंग या दानशूर व्यापाऱ्याच्या पैशातून गरिबांसाठी जे रुग्णालय उभं राहिलं, त्याची पर्ल्स हिलवरची मूळ इमारत थॉमसनने आखलेली. आज नोव्हेनाला त्याच नावाचं अवाढव्य रुग्णालय आहे. इथल्या आपल्या कित्येक मराठी घरांनी तिथे रात्री काढल्यात. १८४६ मध्ये त्याचा शहराचा आणि लगतच्या भागाचा तपशीलवार नकाशा तयार झाला. रेषा नेटक्या आणि मोजमाप प्रत्यक्ष जागेवर जाऊन घेतलेलं. हा माणूस चित्रंही काढायचा. त्या काळचं सिंगापूर कसं दिसायचं, हे आज आपल्याला कळतं त्यात त्याच्या जलरंगांचा वाटा मोठा आहे.

पण मला खरं थांबवलं ते दुसऱ्याच एका कामाने. १८४९-५० मध्ये सिंगापुरातून निघणाऱ्या एका नियतकालिकात थॉमसनने एक अहवाल छापला. विषय होता संपूर्ण सिंगापूरचा शेतीचा हिशेब. कुठल्या पिकाखाली किती एकर जमीन आहे, याची मोजदाद. जायफळ किती, नारळ किती, अननस किती, भाजीपाला किती. आज याला आपण भू-वापर सर्वेक्षण म्हणतो आणि ते उपग्रह करतो. त्याने ते पायी चालून केलं.

या हिशेबात सगळ्यात मोठा आकडा एकाच पिकाचा होता, गॅम्बियरचा. सुमारे २४ हजार एकर. सिंगापूरचं बेट तेव्हा दोनशे चौरस मैलांच्या आसपास, म्हणजे बेटाच्या जवळपास पाचव्या-सहाव्या हिश्शावर हे एकच झुडूप उभं होतं.

गॅम्बियर म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. विड्यात आपण कात घालतो तो खैराच्या लाकडाचा. कोकणात खैर उकळून कात काढणारे म्हणून कातकरी. गॅम्बियर हा त्याच कुळीतला माल, फक्त तो एका झुडपाची पानं उकळून काढतात. विलायतेत कातडी कमावायला आणि कापड रंगवायला त्याला प्रचंड मागणी आली. चिनी शेतकरी रान तोडून गॅम्बियर लावायचे आणि शेजारी मिरीचे वेल चढवायचे. उकळून उरलेला पाला मिरीला खत म्हणून जायचा. वरवर पाहिलं तर किती शहाणी शेती, काहीच वाया जात नाही.

गोम चुलीत होती. पानं उकळायला कढया दिवसरात्र पेटत्या ठेवाव्या लागत. त्याला लाकूड लागे आणि लाकूड शेजारच्या रानातून येई. म्हणजे जेवढ्या जमिनीवर गॅम्बियर, जवळपास तेवढंच रान आणखी चुलीत. शिवाय हे पीक जमिनीचा कस इतका ओढून घेतं की पंधरा-वीस वर्षांत मळा थकतो. मग शेतकरी तो टाकून पुढच्या रानात जाणार. मागे राहतं ते लालांग नावाचं उंच, धारदार गवत, ज्यात पुन्हा झाड उगवणं कठीण. नकाशावर मळ्याचा एक ठिपका दिसतो, पण प्रत्यक्षात त्या ठिपक्याने आजूबाजूचं दुप्पट रान खाल्लेलं असतं आणि वीस वर्षांनी तो ठिपका दुसरीकडे गेलेला असतो.

हे वाचताना मला आमचा डोंगर दिसत होता. अननसाचं पहिलं पीक, मग रबर, मग भाडेपट्टा संपेल. पुढे काय, याचा रकाना संमतीपत्रात नव्हता.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ते चिनी शेतकरी काही राक्षस नव्हते. बहुतेक जण शहरातल्या व्यापाऱ्यांकडून उचल घेऊन आलेले, अंगावर कर्ज, अवतीभवती वाघ. पीक निघालं की ते त्याच व्यापाऱ्याला द्यायचं. जमिनीचा कागदही बहुतेकांकडे नव्हता. ज्याच्या हातात जमीन टिकणारच नाही, त्याने वीस वर्षांपुढचा विचार कुठून करायचा? दादाच्या मुलीची फी मला इथे आठवली. सिंगापुरात वातानुकूलित ग्रंथालयात बसून झाडं वाचवा म्हणणं फार सोपं असतं.

धोका ओळखणारे लोक तेव्हाही होते. ज्या नियतकालिकात थॉमसनचा अहवाल आला, त्याचे संपादक जेम्स लोगन यांनी १८४८ मध्ये पिनांगच्या डोंगरांवरची झाडी तोडल्याने हवामानावर काय परिणाम होईल, यावर लेख लिहिला होता. गव्हर्नर बटरवर्थ यांनी सिंगापुरात टेकड्यांच्या माथ्यावरचं रान तोडायला मनाई केली. म्हणजे १८५० च्या आसपास नकाशा होता, आकडे होते, इशारा होता आणि मनाईचा हुकूमही होता. तरी काय झालं? १८८३ मध्ये नॅथनिएल कँटली या वनस्पती उद्यानाच्या प्रमुखाने बेटावरच्या रानाची पाहणी केली, तेव्हा मूळ रानाचे थोडेसे तुकडेच शिल्लक राहिले होते. गॅम्बियरवाले तोपर्यंत समुद्रधुनी ओलांडून जोहोरकडे सरकले होते. कँटलीच्या अहवालानंतर राखीव वनं ठरली, बुकित तिमाह त्यातलंच. आज आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो ते बुकित तिमाहचं अभयारण्य जेमतेम १६३ हेक्टरचं आहे.

या सगळ्यात थॉमसनचा दोष काय आणि श्रेय काय? तो कंपनीचा नोकर होता. मोजणी कंपनीला महसूल मिळावा म्हणून होती, रान वाचावं म्हणून नव्हे. पण त्याने जे मोजलं ते प्रामाणिकपणे मोजलं, म्हणून पावणेदोनशे वर्षांनी आपल्याला कळतं की काय होतं आणि काय गेलं. मोजणीदाराने खरं लिहून ठेवलं, एवढं त्याचं श्रेय. निर्णय घेणं त्याच्या हातात नव्हतं.

पाण्याचंही तसंच. शहर वाढत होतं, विहिरी अपुऱ्या पडत होत्या. १८५२ मध्ये थॉमसनने सिंगापूर नदीच्या वरच्या भागातून शहराला पाणी आणायची योजना आखली. पैसे कोण देणार, यावर ती अडकली. पाच वर्षांनी तान किम सेंग या व्यापाऱ्याने १३ हजार डॉलर देऊ केले, तरी पाण्याचं पहिलं मोठं धरण व्हायला १८६० चं दशक संपत आलं. ते झालं थॉमसन रोडजवळ, म्हणून आधी थॉमसन रोड जलाशयच म्हणायचे. आज त्याला आपण मॅकरिची म्हणतो. रविवारी आपली मंडळी तिथे चालायला जातात आणि परतताना इडली-डोसा खातात.

त्याच्या सिंगापुरातल्या शेवटच्या वर्षांतलं मोठं काम मात्र जमिनीवर नव्हतं. सिंगापूरच्या पूर्वेला २४ सागरी मैलांवर पेड्रा ब्रँका नावाचा खडक आहे. त्यावर जहाजं आपटत. जेम्स हॉर्सबर्ग या नकाशाकाराच्या स्मरणार्थ व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली होती, त्यातून तिथे दीपगृह बांधायचं ठरलं. दगड पुलाऊ उबिनचा, पाथरवट चिनी, बोटींवर मलय खलाशी आणि मदतीला हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर आणलेले कैदी. ईशान्य मान्सूनमध्ये खडकावर उभं राहणंही अशक्य, म्हणून काम फक्त उघडिपीच्या महिन्यांत. मे १८५० मध्ये पायाभरणी झाली आणि १५ ऑक्टोबर १८५१ रोजी दिवा लागला. त्याच १८५० च्या फेब्रुवारीत लॉर्ड डलहौसी सिंगापूरला येऊन गेला. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याचं राज्य खालसा करणारा आणि पुढे नागपूर गिळणारा तोच डलहौसी. त्याच्या स्वागताची आठवण म्हणून उभारलेला दगडी स्तंभ थॉमसननेच आखला. तो आजही एम्प्रेस प्लेसला उभा आहे. आपण त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतो, तेव्हा हे नातं आठवायला हरकत नाही.

या दीपगृहाची पुढची गोष्ट चकित करणारी आहे. त्या खडकावर मालकी कोणाची, यावरून सिंगापूर आणि मलेशिया यांच्यात वाद झाला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. २३ मे २००८ रोजी न्यायालयाने पेड्रा ब्रँका सिंगापूरचा ठरवला. त्या खटल्यात थॉमसनचं बांधकाम आणि तेव्हाचा पत्रव्यवहार यांवर बराच ऊहापोह झाला. एका मोजणीदाराची टिपणं दीडशे वर्षांनी दोन देशांच्या हद्दीच्या वादात कामी आली. घरातले जुने मोजणीचे कागद रद्दीत टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खडकावरच्या आणि रानातल्या दिवसांनी थॉमसनची प्रकृती मात्र ढासळली. १८५३ मध्ये त्याने सिंगापूर सोडलं ते कायमचं. विलायतेत काही काळ काढून १८५६ मध्ये तो न्यूझीलंडला गेला. तिथे ओटागो प्रांताचा मुख्य मोजणीदार म्हणून त्याने दुसरं आयुष्य सुरू केलं. घोड्यावर बसून आतला मुलूख पालथा घातला. माउंट अ‍ॅस्पायरिंग या शिखराचं नाव त्याचंच. मॅनिओटोटोच्या पठारावर काही ओढ्यांना गाय, मेंढी, डुक्कर अशी नावं आहेत. वरिष्ठांनी त्याने सुचवलेली नावं नाकारली म्हणून त्याने रागाने गोठाच नकाशावर आणला, अशी आख्यायिका तिथे सांगतात. इन्व्हरकार्गिल शहराची जागा त्याने निवडली आणि रुंद रस्ते आखले. शहर वसतानाच राखून ठेवलेल्या मोकळ्या जमिनीवर आज तिथलं क्वीन्स पार्क आहे. १८५८ मध्ये जेन विल्यमसनशी लग्न झालं आणि पुढे नऊ मुली झाल्या. १८७६ मध्ये तो न्यूझीलंडचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला. प्रांताप्रांतांच्या वेगवेगळ्या मोजण्या एका पद्धतीत आणण्याचं काम त्याच्याकडे आलं आणि तीन वर्षं त्याने ते पार पाडलं. १६ ऑक्टोबर १८८४ रोजी इन्व्हरकार्गिलला त्याचं निधन झालं. दीपगृहाचा दिवा लागला त्याला आदल्याच दिवशी ३३ वर्षं पूर्ण झाली होती. आपलं गाव सतराव्या वर्षी सोडलेला हा माणूस शेवटपर्यंत परमुलखातच राहिला. या सदराच्या वाचकांना त्याबद्दल जास्त सांगायला नको.

आता त्याचं काम आकाशातून चालतं. सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठात १९९० च्या दशकापासून उपग्रह-चित्रांचं एक केंद्र आहे. सुमात्रात रान पेटलं की धूर इथे पोचण्याआधी तिथल्या आगीचे ठिपके या केंद्राच्या पडद्यावर दिसतात. सिंगापुरात बनलेला पहिला उपग्रह एक्स-सॅट २० एप्रिल २०११ रोजी अवकाशात गेला, तो आपल्या इस्रोच्या रॉकेटवरून, श्रीहरिकोट्याहून. त्याच रॉकेटवर भारताचा रिसोर्ससॅट-२ होता, ज्याचं कामच जमीन, पिकं आणि पाणी यांची चित्रं काढणं. हा छोटा देश आज प्रत्येक एकराचा हिशेब ठेवतो. जमिनीचा आराखडा दर पाच वर्षांनी तपासतो. दोन तृतीयांश भूभागावरचं पावसाचं पाणी जलाशयांत जाईल अशी व्यवस्था केली आहे. जे रान गॅम्बियरने खाल्लं, ते पुन्हा जोडायचा प्रयत्नही चाललाय. आमच्या घराजवळ २०१९ मध्ये थॉमसन नेचर पार्क झालं. तिथे जुन्या हैनान खेड्याच्या पडक्या भिंती आहेत, रानात मिसळून गेलेली रंबुतानची झाडं आहेत आणि वानरांना रस्ता ओलांडायला वरून दोरांचे पूल टांगलेत.

पण उपग्रहाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मला आता थोडं समजलं. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा एक अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. उपग्रह तो मोजतो आणि कुठे किती हिरवळ आहे ते सांगतो. रबराचं पानही तो प्रकाश फेकतं आणि ऐनाचं, किंजळाचंही फेकतं. भारताच्या वन सर्वेक्षणात एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर दहा टक्क्यांहून जास्त झाडांची सावली असली की ते वनआच्छादन धरतात. मालकी कोणाचीही असो आणि झाडं बागेतली असली तरी. म्हणजे आमचा डोंगर तोडून रबर लावलं, तर काही वर्षांनी कागदावर काहीच बदललेलं नसेल. वेगवेगळ्या महिन्यांची चित्रं शेजारी ठेवली तर फरक कळू शकतो, कारण रबर ठरावीक दिवसांत एकदम पानं गाळतं. पण झाडीखालचा झरा कुठल्याच चित्रात दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी चालत जायला लागतं. उपग्रहवालेही ते मान्य करतात. चित्र आलं की ते जमिनीवर जाऊन पडताळतात. नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला असं थॉमसनकडून मिळालं.

मी दादाला फोन केला. सही करत नाही असं म्हटलं नाही. म्हटलं, एकदा पुतण्याला घेऊन डोंगर चालून ये आणि जिथे पाणी दिसेल, जिथे मोठं झाड असेल, तिथे उभं राहून फोनवर जागेची खूण कर. दादा वैतागला. सिंगापूरहून हुकूम सोडतेस, असंही म्हणाला आणि ते काही खोटं नव्हतं. पण गेला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा. दोघांना तीन दिवस लागले.

त्यांच्या खुणा मी उपग्रहाच्या चित्रावर बसवल्या. वरच्या पाच एकरांत दोन झरे निघाले. त्यातला एक मे महिन्यातही वाहत होता. रेष ओढत खाली आणली तर तो आमच्या व्हाळाला मिळत होता आणि व्हाळ खाली दादाच्याच पोफळीच्या बागेला. बागेला पाणी कुठून येतं, हे दादाला ठाऊक होतंच, तो लहानपणापासून त्या व्हाळात डुंबलेला. फक्त ते संमतीपत्राच्या शेजारी ठेवून कुणी पाहिलं नव्हतं. खालचा सहा एकरांचा भाग म्हणजे वरकस, बराचसा कातळ आणि करवंदीची जाळी.

शेवटी मी सही केली, पण खालच्या सहा एकरांसाठीच. वरचा भाग तसाच ठेवायचं लेखी ठरलं. बागायतदाराने अर्थातच पैसे कमी केले. ती कसर भरून निघावी म्हणून माझ्या हिश्शाचं भाडं भाचीच्या शिक्षणाला जावं, असं मी सुचवलं. दादाने आधी नको म्हटलं, मग वहिनीने होकार दिला. दादा अजून थोडा नाराज आहे. अकरा एकरांचे पैसे आले असते तर घराचं छपरही झालं असतं, हे तो दर फोनला एकदा तरी सांगतो. मी ऐकून घेते, कारण त्याचं म्हणणं चूक नाही.

मुलीचा प्रकल्प केव्हाच देऊन झाला. तिने मोठ्या कागदावर थॉमसनचं सिंगापूर काढलं होतं, वाघासकट. कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, तिथे तिने आमचा डोंगर काढला आणि दोन निळे ठिपके दिले. बाईंनी विचारलं तर हे सिंगापूर नाही, आमचं गाव आहे, असं तिने सांगितलं म्हणे. यंदा मे महिन्यात आम्ही गावी जाणार आहोत. ते दोन ठिपके तिला चालत जाऊन बघायचेत.